दक्षिणेतली देवळं आठ दिवसांत, आईबाबांना घेऊन (आणि जेवणाचं काय?)

कृष्णाकाठ · ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आईला बहात्तरावं लागलंय, बाबा शहात्तरचे. पंढरपूर, नरसोबाची वाडी, कोल्हापूर, एकदा गाणगापूर, एवढ्यातच दोघांच्या यात्रा झाल्या. "एकदा खालची देवळं बघायची आहेत" हे आई मी शाळेत होते तेव्हापासून म्हणते आहे. जानेवारीत मला नऊ दिवसांची रजा मिळते आहे. आता पुढे ढकलायचं नाही, असं ठरवलंय.

एका टूरवाल्यानं दिलेला आराखडा असा: चेन्नई, तिरुपती, कांचीपुरम, तिरुवण्णामलै, श्रीरंगम, मदुरै, रामेश्वरम, कन्याकुमारी आणि त्रिवेंद्रमहून विमानानं परत. आठ दिवस.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या नकोत. गुरुवारी तिचा उपास असतो, तिकडे साबुदाण्याची खिचडी मिळेल का? बाबांना दुपारी भात चालतो, रात्री पोळी लागते. ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना नेलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पायवाट · ९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, आराखडा वाचून काळजी वाटली. चेन्नई ते कन्याकुमारी सरळ गेलात तरी सातशे किलोमीटर होतात, त्यात तिरुपती आणि रामेश्वरमची वळणं वेगळी. शिवाय तमिळनाडूतली बहुतेक देवळं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात, ती चारला उघडतात. म्हणजे दिवसात दर्शनाच्या दोनच वेळा. उरलेला दिवस गाडीत.

आम्ही सासूबाईंना असंच नेलं होतं. कुठलं गोपुर कुठल्या देवळाचं, हे त्यांना आता सांगता येत नाही. इतकी वर्षं वाट बघून केलेली यात्रा त्यांच्या मनात धूसर झाली याचं मला आजही वाईट वाटतं. निम्मी ठिकाणं गाळा.

फिल्टरकापी · १० नोव्हेंबर, सकाळी ७.०५

पायवाट यांच्याशी पूर्ण सहमत. मी तर म्हणेन, निम्मी नाही, एक सोडून सगळी गाळा. एक नदी निवडा. कावेरी.

नोकरीमुळे मी सहा वर्षं त्रिचीत होतो. श्रीरंगमपासून समुद्रापर्यंत कावेरीला फाटे फुटत जातात आणि त्या प्रत्येक फाट्याच्या काठी भातशेती, केळीच्या बागा आणि देवळं आहेत. कुंभकोणमला चार-पाच मुक्काम टाका. दारासुरम तिथून चार किलोमीटर, ओप्पिलिअप्पनचं देऊळ सहा-सात, स्वामिमलै जवळच, गंगैकोंडचोळपुरम पस्तीसच्या आसपास, चिदंबरम सत्तर, तंजावर चाळीस. आईंना रोज त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपता येईल. वयस्कर माणसांना यापेक्षा मोठं सुख नाही.

चेन्नईहून रात्रीची उळवन एक्सप्रेस घ्या, पहाटे कुंभकोणम येतं. चेन्नई सेंट्रल आणि एग्मोर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, गाडी कुठून सुटते ते तिकिटावर नीट बघा. आमचे दोन पाहुणे सामान घेऊन भलत्याच स्टेशनवर पोचले होते.

जानेवारीचा पहिला पंधरवडा गाठलात तर फार चांगलं. त्यांचा मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो. या महिन्यात देवळं पहाटे चार-साडेचारला उघडतात, तिकडची विष्णुभक्त संत कवयित्री आंडाळ, तिची तिरुप्पावै ही पदं म्हणतात आणि थंडीत हातावर गरम वेण्पोंगल मिळतं: तांदूळ आणि मुगाची डाळ मऊ शिजवून, वर तुपात तळलेले मिरे, जिरं, काजू.

आता जेवणाबद्दल. तुम्ही देवळं आणि जेवण असे दोन प्रश्न विचारलेत, पण त्या भागात ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. प्रत्येक मोठ्या देवळाला मडप्पळ्ळी असते, म्हणजे देवाचं स्वयंपाकघर. ते बहुधा प्राकारातच, म्हणजे देवळाच्या तटबंद आवारातच असतं, भिंती धुरानं काळ्या झालेल्या. कुठल्या देवाला काय आवडतं हे ठरलेलं असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच शिजतं. चिदंबरमच्या नटराजाला मिरे-जिऱ्याचा सांबा भात आणि वांग्याचं गोत्सू. श्रीरंगमला रंगनाथाचा भात मातीच्या नव्या मडक्यांतून येतो. मदुरैजवळच्या अळगर कोविलला डोसा. कांचीच्या वरदराजाला मिरे, जिरं, सुंठ घातलेली, पानं लावलेल्या बांबूच्या नळकांड्यात उकडलेली इडली. मन्नारगुडीच्या राजगोपालाच्या उत्सवात तो लोण्याचं भांडं धरलेला बाळकृष्ण होऊन निघतो. कुठेही गेलात तर आधी विचारा, "इथल्या देवाचा नैवेद्य काय?" मग तो कुठे मिळतो ते विचारा. देवळातल्या स्टॉलवर मुरुक्कू, अदिरसम, पुळियोदरै असं बरंच काही विकत मिळतं, पण पूजा झाल्यावर आतून येणारा नैवेद्य वेगळा. त्यासाठी वेळ गाठावी लागते.

साधीपोळी · १० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

बाबांच्या पोळीबद्दल. तिकडे दुपारी 'मील्स' आणि संध्याकाळी 'टिफिन' असा शिरस्ता आहे. चपाती टिफिनमध्ये येते, साधारण सहानंतर, कुर्म्याबरोबर. परोटा म्हणतात तो मैद्याचा, तो वेगळा. वेळ पाळलीत तर अडचण नाही.

आणि बाबांना हे जरूर सांगा की श्रीरंगमला खुद्द देवाच्या नैवेद्यात रोटी आहे! सुलतानाची मुलगी रंगनाथाच्या मूर्तीवर जीव लावून बसली, तिच्यासाठी ही उत्तरेकडची रोटी आणि लोणी, असं तिथले लोक सांगतात. तिला तुलुक्क नाच्चियार म्हणतात आणि देवळात तिची चित्ररूपात पूजा होते. मला ही कथा ऐकून भरून आलं होतं.

उपासाचं: साबुदाण्याला तिकडे जव्वरिसी म्हणतात. देशातला बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातच तयार होतो, पण ते लोक त्याची खीर आणि सांडगे करतात. खिचडी मिळणार नाही. केळ्यांचे पाच-सहा प्रकार आणि शहाळी मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर. पोंगलच्या, म्हणजे त्यांच्या संक्रांतीच्या आधी बाजारात रताळीही भरपूर येतात.

मोडीवेडा · १० नोव्हेंबर, रात्री ८.५०

तंजावरला जाताय तर बृहदीश्वराच्या आवारात नैर्ऋत्येकडच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख चुकवू नका. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला. देवनागरीत आहे, आपल्याला वाचता येतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं, तिथपासून १८५५ मध्ये शेवटचे राजे वारेपर्यंत तिथे मराठी राजे होते. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतले कागद आजही आहेत.

दोन गोष्टी गाईड सांगतील. एक, विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पडते, उभं राहून बघा. दुसरी, संभाजी राजांच्या पाहुणचारात आमसूल संपलं म्हणून चिंच घातली आणि त्यावरून 'सांबार' नाव पडलं. ती आख्यायिका म्हणून ऐका. मराठ्यांच्या स्वयंपाकघराचा तंजावरशी असलेला संबंध खराच आहे, त्यासाठी या कथेचा आधार लागत नाही.

तंजावूरकर · ११ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

मोडीवेडा यांनी लिहिलं तो खरा संबंध आमच्या घरात रोज शिजतो, म्हणून लिहायला बसलो. आम्ही तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच, आता चेन्नईत. आजूबाजूचे लोक आम्हाला रायर म्हणतात. घरात मराठी बोलतो, लिहायला मी मोठेपणी शिकलो.

तमिळ घरांत 'रसवांगी' नावाचा पदार्थ करतात, तो शब्द तुम्हाला फोड करून सांगायला नको. वांगी, डाळ, चिंच, वर धणे, हरभऱ्याची डाळ, सुकी मिरची आणि खोबरं भाजून वाटलेला मसाला. 'पिटलै' ऐकलंत तर आपलं पिठलं आठवेल, पण त्यात पीठ नसतं, कारली किंवा वांगी आणि डाळ असते. 'डांगर पच्चडी' म्हणजे भाजलेल्या उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर. हे तिन्ही हॉटेलात फारसे मिळत नाहीत, घरचे पदार्थ आहेत. पण खानावळीत वाढणाऱ्या अम्मांना नाव घेऊन विचारा, त्यांचा चेहरा खुलतो.

कृष्णाकाठताई, आईंसाठी जाड सुती मोजे घ्या. दगडी फरशी अकरानंतर तापते, चपला बाहेर राहतात. स्वामिमलैला साठ पायऱ्या आहेत, साठ संवत्सरांच्या. हळूहळू जमतील. त्रिचीच्या किल्ल्यावरच्या गणपतीला चारशेच्या वर आहेत, तिथे नेऊ नका. खालून हात जोडा.

पायवाट · ११ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

तंजावूरकर, तुमचं मराठी वाचून फार आनंद झाला. लिहीत राहा.

सह्यवेल · ११ नोव्हेंबर, दुपारी १.००

वाचनखूण साठवली. कुंभकोणमचा महामहम मेळा आणि आपल्या नाशिकचा सिंहस्थ दोन्ही गुरू सिंह राशीत असतानाचे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मागचं महामहम २०१६ ला झालं, पुढचं २०२८ ला. हा मेळा भरतो तो तलाव एरवी शांत असतो, काठावर सोळा छोटे मंडप आहेत, संध्याकाळी बसायला सुंदर.

कृष्णाकाठ · १२ नोव्हेंबर, रात्री ९.००

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत! आराखडा रद्द केला. कुंभकोणमला पाच रात्री, तंजावरला दोन, श्रीरंगमला एक. आईला रामेश्वरम नाही म्हणून सांगताना धाकधूक होती. ती म्हणाली, "वारीत पण आपण एकाच देवाला जातो की."

कृष्णाकाठ · २५ जानेवारी, रात्री १०.०५

मंडळी, जाऊन आलो. आठवडा झाला, पण घरात अजून तोच विषय आहे.

आधी अडचण सांगते, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. कुंभकोणमच्या लॉजनं फोनवर तळमजल्याची खोली कबूल केली होती. पोचलो तर तिसरा मजला, लिफ्ट बंद. पहाटे पाचला आई जिन्यात बसली. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी शेजारच्या दुसऱ्या लॉजमध्ये गेलो. वडीलधारी बरोबर असतील तर लिफ्ट चालू आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशीही फोन करून विचारा.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. पहिल्या सकाळी डिग्री कापी, म्हणजे तिकडची फिल्टर कॉफी. पितळी पेला आणि खोलगट वाटी, तिला डबरा म्हणतात. वाढणारा अण्णा एका हातातून दुसऱ्या हातात लांब धार धरून ओततो, फेस येतो. बाबा पन्नास वर्षं चहाचे, त्यांनी दुसरा पेला मागवला. 'डिग्री' शब्दाबद्दल तिथे दोन मतं ऐकली: कोणी म्हणतं निर्भेळ दुधाची डिग्री, कोणी म्हणतं चिकोरीचा अपभ्रंश. रविवारी इडलीबरोबर कडप्पा मिळाला. मुगाची डाळ आणि बटाट्याचा पांढरट रस्सा, खोबरं, खसखस आणि बडीशेपेचा वास. सांबारासारखा आंबट अजिबात नाही. बाबांना हा सांबारापेक्षा जास्त आवडला.

आता ज्या जागेसाठी मी खरं लिहायला बसले ती. ओप्पिलिअप्पन.

फिल्टरकापी, तुम्ही नाव घेतलं होतं, पण तिथल्या नैवेद्याबद्दल लिहिलं नव्हतंत. हा विष्णू मीठ खात नाही. मार्कंडेय ऋषींच्या मुलीला, म्हणजे भूदेवीला, त्यानं मागणी घातली. ऋषी म्हणाले, पोर लहान आहे, तिला मीठ घालून स्वयंपाकही करता येत नाही. देव म्हणाला, मग मी बिनमिठाचं जेवीन. तेव्हापासून त्या देवळात मिठाचा कण जात नाही. त्याचं संस्कृत नाव लवणवर्जित वेंकटेश. मीठ असलेलं काही घेऊन आत जाऊ नये, म्हणून आम्ही पिशवीतली चिवड्याची पुडी रिक्षातच ठेवली.

आम्हाला पुळियोदरै मिळाली, चिंचेचा भात, बिनमिठाचा. मला वाटलं होतं, खाववणार नाही. चिंच, तिळाचं तेल, मेथी, भाजलेली मिरची यांचीच चव इतकी पुढे येते की मीठ नाही हे आधी लक्षातच येत नाही. आई द्रोण हातात धरून बराच वेळ गप्प होती. मग सांगितलं तिनं. लग्न होऊन आली तेव्हा ती सतरा वर्षांची. पहिल्या महिन्यात आमटीत मीठ विसरली. आजोबा, म्हणजे तिचे सासरे, काही न बोलता जेवून उठले. नंतर आजीनं चव घेतली तेव्हा कळलं. आजीनं विचारलं तर आजोबा म्हणाले, "पोर नवी आहे, शिकेल." ही गोष्ट आम्ही भावंडांनी कधीच ऐकली नव्हती. बाबांनीही नव्हती. पंचावन्न वर्षांनी, कुंभकोणमजवळच्या एका खांबाला टेकून तिनं ती सांगितली. परत जाऊन तिनं पुन्हा एकदा दर्शन घेतलं.

उद्या पुढचं लिहिते.

साधीपोळी · २५ जानेवारी, रात्री १०.४०

ताई, डोळ्यांत पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

फिल्टरकापी · २६ जानेवारी, सकाळी ६.५०

सहा वर्षांत मी त्या देवळात किती वेळा गेलो असेन. आता पुढच्या वेळी तुमच्या आजोबांची आठवण काढून तो भात खाईन. पुढचं लवकर लिहा.

कृष्णाकाठ · २६ जानेवारी, रात्री ९.३०

दारासुरमबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे लिहिण्यापेक्षा बघायचंच आहे. दुसऱ्या राजराज चोळानं बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे, म्हणजे मंडपच रथ. खालच्या पट्टीवर त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे तिकडच्या शिवभक्त संतांच्या कथा वीतभर उंचीच्या शिल्पांत आहेत. आई प्रत्येकापुढे थांबली. आपल्या संतांसारखेच, त्यात कुंभार आहे, कोळी आहे, धोबी आहे, राजाही आहे. गोरोबा आणि चोखोबा डोळ्यांसमोर ठेवून बघितलं की भाषेची अडचण राहत नाही.

गंगैकोंडचोळपुरमला आम्ही सकाळी सातला होतो. तंजावरचं देऊळ बांधणाऱ्या पहिल्या राजराजाचा मुलगा राजेंद्र, त्याचं सैन्य गंगेपर्यंत जाऊन आलं म्हणून हे नाव. एका काळी चोळांची राजधानी होती ही जागा, आता हिरवळ, पोपट आणि एक छोटं गाव. तंजावरचं शिखर सरळ रेषेत चढतं, इथलं किंचित आत वळत जातं. मला हे जास्त भावलं.

चिदंबरमला दुपारची पूजा गाठली. पडद्यामागचं रहस्य, म्हणजे आकाशरूप शिव, तिथे मूर्ती नाही, सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा फक्त. आईला हे लगेच समजलं. म्हणाली, "निर्गुण." गोत्सू आणि सांबा भात मात्र आम्हाला देवळात मिळाला नाही, उशीर झाला. बाहेर एका खानावळीत इडलीबरोबर गोत्सू मिळालं. त्याची कृती कोणाला माहीत असेल तर हवी आहे, आईनं तीन वेळा विचारलंय.

मार्गळीच्या सत्ताविसाव्या दिवशी आम्ही कुंभकोणमच्याच शार्ङ्गपाणीच्या देवळात होतो. हे ठरवून नव्हतं, लॉजच्या अक्कांनी सांगितलं म्हणून पहाटे गेलो. त्या दिवसाला कूडारवल्ली म्हणतात. आंडाळच्या त्या दिवसाच्या पाशुरात, म्हणजे पदात म्हटलंय की व्रत संपलं, आता दुधातला भात खाऊ, तूप इतकं की कोपरापर्यंत ओघळावं. आणि खरोखर तेच वाटतात, अक्कारवडिसल. तांदूळ, मुगाची डाळ, दूध, गूळ, तूप. गर्दीत एका आजींनी आईच्या हाताखाली आपलं पान धरलं, म्हणजे ओघळलेलं खाली पडू नये. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. आई मराठीत बोलत होती, त्या तमिळमध्ये, आणि संभाषण दहा मिनिटं चाललं.

केळीच्या पानावर जेवायचं दोन दिवसांत जमलं. पानाचं निमुळतं टोक आपल्या डावीकडे. पहिला भात सांबाराबरोबर, मग वत्तकुळंबू, मग रसम, शेवटी ताकभात. आपण वरण-भातानं सुरुवात करतो, ताकभातानं संपवतो, क्रम फार परका नाही. 'पोदुम' म्हणजे पुरे आणि 'कोंजम' म्हणजे थोडं, हे दोन शब्द पाठ करून जा. जेवून झालं की पान आपल्याकडे दुमडायचं. पलीकडे दुमडतात ते दुःखाच्या जेवणात.

मोडीवेडा · २७ जानेवारी, सकाळी ८.१५

आणि तंजावर? शिलालेख सापडला का?

कृष्णाकाठ · २७ जानेवारी, रात्री ९.५०

सापडला! बाबांनी वाचला. ते पतसंस्थेत रोखपाल होते, अक्षर लावायची सवय आहे. एक एक ओळ मोठ्यानं वाचत होते. मागे एक तमिळ शाळेची सहल उभी राहिली, शिक्षकांनी मुलांना थांबवून ऐकायला लावलं.

पण बाबा खरे रमले ते दुसऱ्या लेखांत. देवळाच्या पायथ्याला चहूबाजूंनी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. आम्ही केलेल्या गाईडनं सांगितलं की हा राजराज चोळाच्या देवळाचा जमाखर्च आहे. १०१० च्या सुमाराचा. कोणत्या गावानं किती भात द्यायचा, कोणी कोणता दागिना दिला, त्याचं वजन किती. नृत्य करणाऱ्या चारशे स्त्रियांची नावं, कोण कुठल्या देवळातून आली, कोणत्या ओळीत कितवं घर. एक अखंड दिवा तेवायचा तर त्याच्या तुपासाठी शहाण्णव मेंढ्या कोणाकडे सोपवल्या, हेही. बाबा म्हणाले, "राजानं देवाला दिलं ते सगळ्यांना वाचता येईल असं भिंतीवर लिहिलं. हिशेब असा पाहिजे." दुपारभर ते याच विषयावर बोलत होते. (सावली पडते. आम्ही तिच्यातच बसलो होतो.)

एका दुपारी तिरुवैयारूला गेलो, तंजावरहून तेरा किलोमीटर. कर्नाटक संगीतातले संत रचनाकार त्यागराज, त्यांची समाधी कावेरीकाठी आहे, जानेवारीत पुष्य बहुल पंचमीला तिथे शेकडो गायक एकत्र बसून त्यांच्या पाच रचना, पंचरत्न कृती, गातात. आमच्या तारखा जुळल्या नाहीत, मंडप उभारायचं काम चालू होतं. तिथला अशोका हलवा खाल्ला, मुगाच्या डाळीचा, केशरी, तुपानं ओथंबलेला. आपल्या मुगाच्या शिऱ्याच्या जवळचा, पण जास्त मऊ.

श्रीरंगमला एकच रात्र ठेवली ही माझी चूक. सात प्राकार आणि एकवीस गोपुरं, बाहेरच्या प्राकारांत घरं, दुकानं, शाळा. देवळात गाव आहे. बाहेरचं मोठं राजगोपुर १९८७ साली पुरं झालं हे ऐकून बाबांना आश्चर्य वाटलं. रोटीचा नैवेद्य काही बघायला मिळाला नाही, पण गोष्ट त्यांनी गाईडला उलट सांगितली. जवळच्याच तिरुवानैकावलच्या शंकराच्या देवळात दुपारची पूजा बघितली. पुजारी साडी नेसून, देवीच्या वतीनं शंकराची पूजा करायला जातो. पुढे हत्तीण, मागे वाद्यं. गर्भगृहात पाणी झिरपत असतं, पंचमहाभूतांतलं हे जलतत्त्व.

गुरुवारी आईनं रताळी आणि शहाळं घेतलं. साधीपोळी, धन्यवाद. मोज्यांसाठी तंजावूरकरांना खास धन्यवाद, बारा वाजता इतर लोक उड्या मारत होते आणि आई शांतपणे चालत होती.

सह्यवेल · २८ जानेवारी, सकाळी १०.००

एकूण खर्चाचा आणि गाडीचा अंदाज देता येईल का? फेब्रुवारीत मामा-मामींना नेतोय. ऊन फार होईल का तेव्हा?

फिल्टरकापी · २८ जानेवारी, सकाळी १०.४५

फेब्रुवारी चालेल, सकाळी लवकर निघा. मार्चनंतर नका नेऊ. कुंभकोणमला गाडी दिवसावर ठरवा, चिदंबरम आणि गंगैकोंडचोळपुरम एकाच दिवशी जमतं. जवळच्या देवळांना रिक्षा पुरते, भाडं आधी बोलून घ्या. मामा-मामी वारकरी असतील तर कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे, तिकडे जरूर न्या. तमिळ भजनी मंडळी तुकोबांचे अभंग म्हणतात ते ऐकायला मिळाले तर थांबा.

तंजावूरकर · २८ जानेवारी, रात्री ८.३०

आईंसाठी गोत्सू. ही माझ्या आजीची पद्धत, कांदा-लसूण नाही.

छोटी वांगी घ्या, देठ काढून चार चिरा द्या. तिळाच्या तेलात मोहरी, कढीपत्ता, हिंग. त्यात वांगी घालून झाकण ठेवा, पाणी न घालता मऊ होऊ द्या. दुसरीकडे चमचाभर तेलावर दोन चमचे धणे, एक चमचा हरभऱ्याची डाळ, चार-पाच सुक्या मिरच्या खमंग भाजून भरड वाटा. वांगी पळीनं ठेचा, पूर्ण लगदा नको. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, हळद, मीठ घालून कच्चा वास जाईपर्यंत उकळा. शेवटी वाटलेला मसाला, सुपारीएवढा गूळ, वरून कच्चं तिळाचं तेल. तेल आपलं शेंगदाण्याचं घेऊ नका, चव बदलते. घट्ट झालं की उतरवा.

वांग्यावर सगळं अवलंबून आहे. चेन्नईत मनासारखी मिळत नाहीत.

कृष्णाकाठ · ३० जानेवारी, रात्री ९.१५

काल केलं. सांगलीत कृष्णाकाठची वांगी या दिवसांत अशी येतात की बिया शोधाव्या लागतात. आई म्हणाली, चव तीच, फक्त तिथलं जरा जास्त आंबट होतं. आज सकाळी उरलेलं बाबांनी भाकरीबरोबर संपवलं.

तंजावूरकर, मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसच्या कामासाठी चेन्नईला येते आहे. आईनं आत्ताच सांगून ठेवलंय, दोन किलो वांगी तुमच्याकडे पोचवायची. निरोपातून पत्ता कळवा. बदल्यात तुमच्या घरची रसवांगी डब्यात भरून द्या, तिला चव बघायची आहे.